घट नाही

दर महिन्याच्या २८ तारखेच्या आत मी सरकारला आकडे पाठवते. नदीत किती पाणी सोडलं, त्यात गाळ किती होता, अमोनिया किती, जंतू किती. आकडे भरायला फार तर अर्धा तास पुरतो. उरलेला वेळ जातो तो जिथे आकडा नाही अशा चौकोनांपाशी.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका लहानशा गावच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मी प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन इनक्युबेटर, एक ओव्हन, एक तराजू आणि खिडकीतून दिसणाऱ्या दोन गोल टाक्या. गावातल्या न्हाण्यांचं, संडासांचं, शाळेच्या भटारखान्याचं पाणी आमच्याकडे येतं, निवळतं आणि काँक्रीटच्या एका तोंडातून ओढ्यात पडतं. त्या तोंडाचं परमिटमधलं नाव आउटफॉल ००१. ओढा वॉबॅश नदीला मिळतो, वॉबॅश ओहायोला, ओहायो मिसिसिपीला. वाईला कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या बाईला ही नात्यागोत्याची साखळी पाठ करायला कष्ट पडले नाहीत.

इथे नदीत काही सोडायचं तर परमिट लागतं. १९७२ सालचा क्लीन वॉटर ॲक्ट. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला होता, संसदेनं त्यांचा नकार बाजूला सारून मंजूर केला. कायद्याची एक गंमत अशी की पाणी तपासणारा आणि सोडणारा एकच असतो. निरीक्षक अधूनमधून येतात, पण रोजचा साक्षीदार मीच आणि आरोपीही आमचंच केंद्र. स्वतःविरुद्ध स्वतःच दर महिन्याला साक्ष द्यायची, या पायावर हे सगळं उभं आहे. त्या साक्षीचं नाव डिस्चार्ज मॉनिटरिंग रिपोर्ट, आमच्या बोलण्यात डीएमआर.

पूर्वी हा कागद असे. आकडे टाइप करायचे, साहेबांची शाईची सही घ्यायची, टपालात टाकायचा. तिकडे कोणी कारकून तेच आकडे पुन्हा संगणकात चढवी. २०१५ साली संघराज्य सरकारच्या पर्यावरण खात्यानं, म्हणजे ईपीएनं, नियम केला आणि २१ डिसेंबर २०१६ पासून हे रिपोर्ट इलेक्ट्रॉनिक पाठवणं सक्तीचं झालं. आमचं राज्य त्यासाठी नेटडीएमआर ही ईपीएची प्रणाली वापरतं. आधी माझ्याकडे फक्त आकडे भरण्याचा अधिकार होता. पुढे साहेबांनी मला सहीचा अधिकार दिला. कागद कायमचा सोडण्यासाठी मला एका कागदावर शेवटची शाईची सही करून ती टपालानं पाठवावी लागली, हे मला अजून गमतीचं वाटतं. त्यानंतरची सही म्हणजे पासवर्ड आणि आधी ठरवून दिलेल्या गुप्त प्रश्नांपैकी एकाचं उत्तर. आपल्याकडे संकल्प सोडताना ब्राह्मण देश, काळ, नदीचा काठ आणि यजमानाचं गोत्र उच्चारतो. या फॉर्मवरही वर काळ असतो, आउटफॉल असतो, आणि शेवटी लहानपणीचं काहीतरी विचारून मीच मी आहे याची खात्री करून घेतली जाते. माझी उत्तरं सगळी मराठीतली आहेत. ती कुणाला ओळखता येतील असं वाटत नाही.

आता त्या रिकाम्या चौकोनांबद्दल.

नेटडीएमआरला रिकामा चौकोन चालत नाही. आकडा नसेल तर का नाही ते सांगणारा कोड द्यावा लागतो. हे कोड एकेका अक्षराचे किंवा अंकाचे असतात. सी म्हणजे या काळात पाणी सोडलंच नाही. बी म्हणजे तपासलं, पण उपकरणाला दिसेल इतकं काही सापडलं नाही. ई म्हणजे तपासायला हवं होतं, तपासलं नाही. एफ म्हणजे नमुना घेण्याइतकं पाणी वाहत नव्हतं. जी म्हणजे नमुना घेणारं यंत्रच बिघडलं. डी म्हणजे नमुना घेतला पण हरवला. नऊ म्हणजे या वेळी तपासण्याची अटच लागू नव्हती. यादी याहून लांब आहे. कुठल्या ठिकाणी कुठला कोड चालेल यावर वेगळे नियम आहेत.

पहिल्यांदा ही यादी पडद्यावर उघडली तेव्हा मी एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझे आजोबा भेटले.

आजोबांना आम्ही अण्णा म्हणत असू. शाळेत संस्कृत शिकवत. तरुणपणी त्यांनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत न्यायशास्त्राचे पाठ घेतले होते आणि त्या पाठांनी त्यांना जन्मभर सोडलं नाही, त्यांच्यामुळे आम्हालाही. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हे त्यांचं बाळकडू. त्यात जगातल्या सगळ्या वस्तूंचे सात पदार्थ सांगितले आहेत, आणि सातवा पदार्थ आहे अभाव. नसणं. कणादाच्या जुन्या यादीत सहाच होते. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. मागाहून आलेल्यांनी 'नसणं' हीसुद्धा जगात असलेली एक गोष्ट आहे असं म्हणून तिला पंक्तीत पाट मांडून दिला. लहानपणी मला हा शुद्ध वेडेपणा वाटे. नसलेली गोष्ट कशी काय असेल?

अण्णा पुढे जाऊन तिचे चार प्रकार मोजत. मडकं घडण्याआधीचं त्याचं नसणं, हा प्रागभाव. त्याला सुरुवात नसते, शेवट असतो. फुटल्यानंतरचं नसणं, हा प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. मडकं म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव. आणि वाऱ्याला रंग नाही, तसं कधीच नसणं, हा अत्यंताभाव. मग जमिनीवर आत्ता मडकं नाही, मघाशी होतं, हे यांतलं कुठलं? यावर पंडितांची जुंपलेली आहे आणि ते भांडण सांगण्यात अण्णांची संध्याकाळ जाई. आजी आतून म्हणे, "घरात साखर नाही, ते कुठलं नाही ते आधी ठरवा."

मला आठवतं ते एक संध्याकाळचं. वीज गेली होती. अण्णांनी विचारलं, "पाटावर तांब्या आहे का गं?" मी उठून, वाकून पाहिलं. अंधारच होता. म्हटलं, "नाही." अण्णा म्हणाले, "दिवा आण, मग नाही म्हण." दिवा आणला. तांब्या पाटावरच होता.

या एवढ्याशा गोष्टीला शास्त्रात मोठं नाव आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, न दिसणं हे ज्ञानाचं वेगळं साधन आहे, अनुपलब्धी हे सहावं प्रमाण. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभावही डोळ्यांनीच कळतो. प्राभाकर तर म्हणतात की अभाव वगैरे काही नसतं, नुसती मोकळी जमीन असते, तीच तुम्ही पाहता. पण अनुपलब्धी मानणारे आणि न मानणारे, दोघांनाही एक अट मान्य आहे: न दिसणं योग्य हवं. म्हणजे वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये भिंत नको, आणि मुळात वस्तू दिसणाऱ्यांतली हवी. खांबावर पिशाच दिसत नाही म्हणून खांबावर पिशाच नाही, असं म्हणता येत नाही, कारण पिशाच असतं तरी दिसलं नसतं. योग्य न दिसण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. माझ्या पेशात या अटीलाच मोजमर्यादा म्हणतात. ती ठरवण्यासाठी आम्ही मुद्दाम शुद्ध पाण्यात थोडं मीठ, थोडा धातू घालतो आणि आपल्या यंत्राला तो दिसतो का ते पाहतो. दिसला तर मग पुढे नमुन्यात न दिसण्याला अर्थ. हे रोज करताना मला दिवा आणायला उठल्यासारखं वाटतं.

पाऱ्याचं उदाहरण सांगते, कारण तिथे सोवळंही आहे. आमच्या परमिटप्रमाणे पाऱ्यासाठी दोन महिन्यांतून एकदा नमुना घ्यावा लागतो. ज्या पद्धतीनं तो तपासतात तिची मोजमर्यादा लिटरला ०.२ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम प्रतिलिटर म्हणजे लाख कोटी भागांत एक भाग. काळाच्या भाषेत सांगायचं तर सुमारे ३१,७०० वर्षांतला एक सेकंद. इतकं बारीक पाहायचं तर माणसाच्या हातावरचं, कपड्यावरचं, दातातल्या चांदीच्या भरणावरून येणाऱ्या श्वासातलंही नडतं. म्हणून नमुना दोघांनी घ्यायचा. एकाचे हात 'स्वच्छ', दुसऱ्याचे 'मळके'. मळक्या हातांनी पेटी उघडायची, बाहेरची पिशवी उघडायची, पंप लावायचा. स्वच्छ हातांनी फक्त आतली पिशवी आणि बाटली यांनाच शिवायचं. हे ईपीएच्या पद्धतीतच लिहिलेलं आहे. मी स्वच्छ हात असते तेव्हा हातमोजे घालून कोपर अंगापासून दूर धरून उभी राहते, आणि मला आजीची ओलेत्यानं देवघरात जाण्याची तऱ्हा आठवते. आम्हा पोरांना तिच्या सोवळ्याचा राग यायचा. आज त्याच शिवाशिवीसाठी मला पगार मिळतो. फरक हा की आमच्या सोवळ्यात मळका हात कुणा एका जातीचा नसतो, पुढच्या खेपेला आम्ही अदलाबदल करतो. आजीच्या सोवळ्यात ती सोय नव्हती आणि ते मी विसरू इच्छित नाही.

नमुन्याबरोबर एक कोरी बाटलीही न्यावी लागते. शुद्ध पाण्याची. ती तिथेच ओढ्यावर उघडून त्याच रीतीनं भरायची. तिच्यात पारा सापडला तर सगळंच फुकट. नदीत पारा होता की आपल्या हातावर, हे सांगता येत नाही. एकदा तसं झालंच. आकडा होता आणि तो मर्यादेच्या आतला होता, चांगला होता. पण कोऱ्या बाटलीनं सांगितलं होतं की दिवा नीट नव्हता. त्या चौकोनात आम्ही आकडा लिहिला नाही.

अभावाचे बाकी प्रकारही रोजच्या कामात भेटतात. बीओडी म्हणजे पाण्यातले जंतू पाच दिवसांत किती प्राणवायू खातात याची चाचणी. ३०० मिलिलिटरच्या बाटल्या, २० अंश सेल्सिअस, अंधार. बुधवारी ठेवलेल्या बाटलीचं उत्तर सोमवारी. मधले पाच दिवस तो आकडा जगात कुठेच नसतो. साहेब शुक्रवारी विचारतात, "अंदाजे किती येईल?" मी सांगत नाही. प्रागभावाला अंदाज नसतो. अमोनिया मोजताना तो 'नायट्रोजनच्या रूपात' लिहायचा की 'अमोनियाच्या रूपात', यात १४ आणि १७ चा फरक पडतो. घट म्हणजे पट नव्हे.

ई. कोलाय जंतूंचं सगळ्यांत मजेशीर. एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे माणसं नदीत उतरतात त्या महिन्यांत, आमच्या राज्यात १०० मिलिलिटरला एका दिवसाची मर्यादा २३५ आणि महिन्याची सरासरी १२५. पण ही सरासरी भूमितीय असते. सगळे आकडे एकमेकांशी गुणायचे आणि मूळ काढायचं. आता समजा एके दिवशी जंतू मारणारे अतिनील दिवे झकास चालले आणि चाचणीच्या तबकडीच्या एकाही खोबणीत चमक दिसली नाही. लिहायचं काय? शून्य लिहिलं तर गुणाकार शून्य, सरासरी शून्य, आणि उरलेले सगळे घाणेरडे दिवस त्या एका शून्यानं धुऊन निघाले! म्हणून आम्ही '१ पेक्षा कमी' असं लिहितो आणि गुणताना १ धरतो. शून्य हा आपल्या पूर्वजांचा शोध म्हणून आपण छाती फुगवतो, पण 'काही सापडलं नाही' आणि 'शून्य आहे' यांत केवढी दरी आहे ते मला ओढ्याच्या काठी कळलं.

पलीकडच्या गावात एक जुना कारखाना आहे. बंद पडून वर्षं झाली. परमिट मात्र अजून रद्द झालेलं नाही, म्हणून तिथला एकुलता एक माणूस अजून फॉर्म भरतो. आउटफॉल ००१: सी. पुढच्या वेळी पुन्हा सी. पाणी सोडलं नाही, पाणी सोडलं नाही. एकदा तो मला म्हणाला की ज्या दिवशी मी हे 'नाही' पाठवायचं थांबवीन त्या दिवशी सरकार विचारेल, तिथे काय चाललंय? मला पितृपंधरवडा आठवला. ज्याच्याविषयी सांगायला कुणी उरलं नाही त्याचंही नाव वर्षातून एकदा घ्यावंच लागतं.

माझा सहकारी, ज्यानं माझं हसू पाहिलं तो, क्वेकर घराण्यातला. इंडियानात क्वेकरांची जुनी वस्ती आहे. रिचमंड गावात १८४७ पासून त्यांचं विद्यालय आहे, अर्लम. क्वेकर शपथ घेत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की शपथेवर खरं बोलतो म्हटलं की इतर वेळी खोटं बोलतो हे कबूल केल्यासारखं होतं. माणसानं साधं हो किंवा नाही म्हणावं, तेवढं पुरे. अमेरिकेच्या राज्यघटनेत यांच्यासारख्यांसाठीच शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगण्याचीही मुभा आहे. डीएमआरच्या तळाशी जो मजकूर असतो त्यातही शपथ नाही. ही माहिती माझ्या देखरेखीखाली तयार झाली, माझ्या ज्ञानाप्रमाणे आणि विश्वासाप्रमाणे ती खरी, अचूक आणि पूर्ण आहे, आणि जाणूनबुजून खोटं लिहिल्यास दंड आणि तुरुंग होऊ शकतो हे मला ठाऊक आहे, अशा अर्थाचा तो मजकूर. खोट्या विधानाला १०,००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

सहकाऱ्याला हा मजकूर नको तितका लांब वाटतो. तो म्हणतो, हो किंवा नाही, बस. मला त्याच्या धर्माबद्दल आदर आहे, पण इथे मी अण्णांची नात आहे. नुसतं 'नाही' पुरत नाही. कुठलं नाही? नव्हतंच, की दिसलं नाही, की पाहिलंच नाही? साध्या माणसाचं साधं 'नाही' या तिन्हींना एकाच पांघरुणाखाली झोपवतं, आणि बहुतेक खोटेपणा त्या पांघरुणाखालीच राहतो. मजकुरात खरी, अचूक आणि पूर्ण असे तीन शब्द आहेत, ते उगाच नाहीत. एखादं विधान खरं असून अपुरं असू शकतं. हे मला ठाऊक आहे, कसं ते पुढे सांगते.

त्याआधी देवाचं, कारण तो विषय निघतोच.

माझा धाकटा भाऊ कॉलेजात गेल्यावर एका सुट्टीत अण्णांशी भांडला. देव दिसत नाही, म्हणून देव नाही. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, तुझं न दिसणं योग्य आहे का ते सांग. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हाच वाद घातला आहे. ईश्वर हा दिसणाऱ्यांतला नव्हे, मग तो न दिसण्यावरून त्याचं नसणं कसं काढणार? भाऊ म्हणाला, मग पिशाचही आहे म्हणा. अण्णांनी यावर काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुधा आजीनं जेवायला हाक मारली असावी.

भावाचा टोला खरा होता, असं मला आज वाटतं. मोजमर्यादेची अट दोन्ही बाजूंना कापते. ज्या गोष्टीसाठी दिवा नाही तिच्याबद्दल 'नाही' म्हणता येत नाही, तसंच 'आहे'ही म्हणता येत नाही. आमच्याकडे अलीकडे पीफास नावाची रसायनं आली आहेत. न चिकटणाऱ्या तव्यांतली, आग विझवण्याच्या फेसातली. आली आहेत म्हणणंही चूक. ती अनेक दशकं पाण्यात होतीच. सांडपाण्यात ती मोजण्याची ईपीएची पद्धत जानेवारी २०२४ मध्ये पक्की झाली. त्याआधीच्या माझ्या सगळ्या रिपोर्टांत ती नाहीत. तो चौकोनच नव्हता. मी खोटं लिहिलं का? नाही. मी सही केलेलं पाणी शुद्ध होतं का? त्या खांबावर पिशाच होतं आणि मी खांबाकडे पाहून परत येत होते.

माझ्या देवाच्या रकान्यात काय लिहावं याचा मी एकदा रात्रपाळीला खरोखरच विचार केला. बर्फ पडत होतं, पंपांचा आवाज सोडून काही नव्हतं. सी म्हणावं तर कृपेचा प्रवाह कधी आलाच नाही असा दावा होतो, आणि तसं म्हणायला मी चोवीस तास नळाखाली कुठे बसले होते? बी म्हणावं तर मी खटपट केली, साधना केली आणि माझ्या यंत्राला काही दिसलं नाही असं होईल. तुकोबांना ते म्हणण्याचा अधिकार होता. वर्षानुवर्षं नमुने घेतले त्यांनी. माझ्यासाठी प्रामाणिक कोड एकच, ई. तपासायला हवं होतं, तपासलं नाही. देव नाही असं मला सांगणारे माझे बहुतेक मित्र खरं तर ई वाले आहेत आणि बी लिहून मोकळे होतात. आणि देव आहे म्हणणारे बरेचसे फॉर्मवरचा छापील आकडाच भरायच्या ओळीत उतरवतात. मी दोन्ही पंक्तींत जेवून आले आहे.

छापील आकडा उतरवण्याबद्दल मी अधिकारानं बोलते.

जानेवारी २००९. कागदाचे दिवस. नोकरीला आठ महिने झाले होते. महिन्याच्या मध्याला अशी थंडी पडली की पारा उणे वीस सेल्सिअसच्या खाली गेला. आमचा सॅम्पलर दिवसभर थोडं थोडं पाणी ओढून चोवीस तासांचा एक नमुना बनवतो. त्या रात्री त्याची नळी गोठली. सकाळी बाटली कोरडी. परमिटप्रमाणे आठवड्यातून तीन नमुने हवे होते, त्या आठवड्यात दोनच झाले.

डीएमआरवर प्रत्येक गोष्टीसाठी दोन ओळी असतात. एकीत परमिटला काय हवं ते छापलेलं, दुसरीत आपण काय केलं ते भरायचं. शेवटच्या रकान्यांत एक 'तपासणी किती वेळा' असा असतो. छापील ओळीत होतं ०३/०७. सात दिवसांत तीनदा. मी उरलेल्या नमुन्यांची सरासरी काढली. सरासरी अगदी बरोबर होती. मर्यादेच्या आत होती. आणि 'किती वेळा'च्या रकान्यात छापील ओळीतलंच ०३/०७ भरायच्या ओळीत टाइप केलं. एकही आकडा मी मनानं रचला नाही. फक्त एक दिवस नव्हता, हे सांगितलं नाही. साहेबांनी माझ्या शब्दावर सही केली. खरं सांगितलं असतं तर एखादं पत्र आलं असतं, फार तर ताकीद. मी कशाला घाबरले ते आज मलाही नीट सांगता येत नाही. नवी होते, परकी होते, नोकरी हवी होती. ही कारणं सगळ्यांपाशीच असतात.

कुणाला कळलं नाही. निरीक्षक आले, वह्या चाळल्या, तो आठवडा चाळला नाही. कायद्याप्रमाणे नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात. तीन वर्षांनंतर त्या वर्षीच्या वह्या आमच्या केंद्राच्या शिरस्त्याप्रमाणे फाडयंत्रात गेल्या. त्या मीच घातल्या.

आता नेटडीएमआरमध्ये तसला रकाना भरताना मी आधी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजते. आकडा मर्यादेबाहेर गेला तर प्रणाली अडवत नाही, फक्त विचारते, ठाऊक आहे ना? आणि एका चौकोनात खूण करायला लावते. खूण केली की साक्ष पुढे जाते. गेल्या हिवाळ्यात सॅम्पलर पुन्हा गोठला. मी कमी झालेले दिवस लिहिले, शेऱ्यात कारण लिहिलं, सही केली. दोन मिनिटांत रिपोर्ट स्वीकारल्याचा ईमेल आला. नंतर काही झालं नाही.

जुना रिपोर्ट दुरुस्त करून पाठवायची सोय असते. मी ते मनात आणलं होतं. पण दुरुस्तीला वही लागते आणि वही नाही. नेमकी कुठली तारीख कोरडी गेली, तेरापैकी किती नमुने झाले की बारापैकी, हे मी आता फक्त आठवणीनं सांगणार. न्यायशास्त्र स्मृतीला प्रमाणज्ञान मानत नाही, आणि आमचं खातंही मानत नाही. तो फॉर्म कुठल्या तरी सरकारी साठ्यात आहे, आणि त्याच्या भरायच्या ओळीत अजून ०३/०७ लिहिलेलं आहे.